कोरडी पिकदाणी

आमच्या घरात वासाचा साबण येत नसे. केसांना वासाचं तेल नाही, अंगाला पावडर नाही, आणि कांदा-लसूण परतायचा तो दुकान उघडायच्या आत किंवा बंद झाल्यावर. घर वर, दुकान खाली. मधल्या लाकडी जिन्यावरून वास पाण्यासारखा खाली उतरतो, असं दादाचं म्हणणं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नवरा गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले, तेव्हा वहिनीने पहिल्याच दिवशी बिनवासाच्या साबणाची वडी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "घ्या वन्सं. मी लग्न केलं ते ह्यांच्या नाकाशी. बाकीचा माणूस मागाहून आला."

दादाचं दुकान वाइनचं होतं. शहरात दारूची दुकानं पुष्कळ, त्यांच्यावर रंगीत दिव्यांच्या माळा. दादाच्या दुकानावर धड पाटीही नव्हती. घड्याळजी आणि औषधवाला यांच्या मधली अरुंद, खोल जागा. दादा जाऊन आता बराच काळ झाला, तिथे चष्म्याचं दुकान आहे. पण त्या वेळी पुढच्या काचेवर आतून जाड पडदा असे, कारण उन्हाने वाइन बिघडते. दार ढकललं की आधी गारवा लागायचा आणि मग डोळे अंधाराला सरावायचे. डाव्या भिंतीला इटलीच्या लाल वाइन, उजव्या भिंतीला फ्रान्सच्या. छतापर्यंत लाकडी कप्पे आणि सगळ्या बाटल्या आडव्या निजलेल्या. मधे काळ्या दगडाचं काउंटर, मागे तळघराचा जिना.

"आडव्या का रे?" मी नवी असताना विचारलं होतं.

"बूच ओलं राहायला हवं. बाटली उभी ठेवली की बूच वाळतं, वाळलं की आकसतं, हवा शिरते, आणि मग आत जे काय आहे ते लोणच्यात घालायच्या लायकीचं." मग त्याने दोन्ही भिंतींकडे हात केला. "ही फ्रान्सची मंडळी पाहुण्यांसारखी. त्यांची सरबराई करावी लागते. ही इटलीची आपल्या आत्यासारखी. आधी तोंड वाकडं करेल, मग ताटावरून उठू देणार नाही."

आत्याला आम्ही सगळेच भ्यायचो, म्हणून मला ते पटलं.

दुकानाची एक रीत होती. ती दादाच्या म्हाताऱ्या मालकाने घालून दिली होती. मालकाला मूलबाळ नव्हतं, त्याने दुकान आणि रीत दोन्ही दादाच्या गळ्यात घातलं. ती अशी, की त्याच दिवशी प्यायची महागाची बाटली गिऱ्हाइकाला बंद द्यायची नाही. दादा स्क्रू फिरवून बूच काढायचा, ते हुंगायचा, ग्लासात बोटभर ओतायचा, ग्लास फिरवायचा आणि त्यात नाक असं खुपसायचा की वाटावं, आता हे बाहेर निघत नाही. मग एक घोट तोंडात. गालातल्या गालात घोळवताना मोरीचं पाणी अडल्यासारखा आवाज यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हसू दाबायला तोंडाला पदर लावला. मग दादा वाकायचा आणि उजव्या पायाजवळ ठेवलेल्या पितळी पिकदाणीत एक सरळ धार सोडायचा. एक थेंब इकडेतिकडे नाही. मग बूच परत बसवून बाटली कागदात गुंडाळायचा. "घेऊन जा. नाकाखालून गेलीय." गिऱ्हाइकं त्याला नाकवाले म्हणत, आणि तो त्याचा राग मानत नसे.

हे सगळं कशासाठी, तर बाधलेल्या बुचासाठी. काही बुचं मुळातच खराब निघतात. बाहेरून कळत नाही. बाटली कितीही महाग असो, कितीही जपून ठेवलेली असो. त्या बुचाने वाइनचा स्वतःचा वास मरतो आणि ओल्या फडक्याचा वास येतो. न वाळवता घडी घालून ठेवलेलं फडकं चार दिवसांनी उघडावं, तसा. अशी बाटली आपल्या हातून कुणाच्या टेबलावर जाईल, ही दादाची आयुष्यातली एकच भीती. आजाराला, चोराला, वहिनीच्या माहेरच्या माणसांना तो भीत नसे. या एका गोष्टीला भीत असे.

मला हा धंदा सुरुवातीला पचला नाही. मी रोज सकाळी देवापुढे बसणारी बाई. त्यातून मी पिण्याचं घर आतून पाहिलेलं. माझा नवरा त्यातच गेला. एकदा मी दादाला विचारलंच, "हे पाप नाही का रे?"

"मी पाजत नाही. चाखून देतो," तो म्हणाला. "आणि मी तर गिळतही नाही. देवाने विचारलं तर पिकदाणी दाखवीन."

गमतीने बोलला, पण माझं समाधान झालं. दुकान झाडणं, काउंटर पुसणं, ग्लास नुसत्या गरम पाण्याने धुणं ही कामं माझी, आणि संध्याकाळी पिकदाणी मागच्या मोरीत नेऊन धुणं हेही माझंच. ती जड लागायची. लालजांभळ्या पाण्याने भरलेली असायची, वर फेसाची कड. दुसऱ्या कुणाला किळस आली असती. मला ती भरलेली बघून बरं वाटायचं. या घरात जे तोंडात जातं ते बाहेर येतं, असं मनात म्हणत मी ती पालथी करायची.

आईची तिथी एका वर्षी आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी आली. दुकान बंद, वहिनी बहिणीकडे गेलेली, दादा सकाळीच बाहेर पडलेला. शेजारणीने कधीतरी दिलेला उदबत्तीचा पुडा माझ्या ट्रंकेच्या तळाशी होता. म्हटलं, आईच्या तसबिरीपुढे आज एक लावू. संध्याकाळपर्यंत खिडक्या उघड्या ठेवल्या की वास निघून जाईल. लावली आणि डोळे मिटून बसले.

डोळे उघडते तो दादा दारात. लवकर परतला होता. एकदा घड्याळजीच्या बायकोने अत्तर लावून दुकानात पाय टाकला तर त्याने तिला गोड बोलून फुटपाथवर उभं ठेवलं होतं. मी उदबत्तीपुढे हात आडवा धरला. पण तो काही बोललाच नाही. आत आला, माझ्या शेजारी उभा राहिला, आईला हात जोडले. धूर सरळ त्याच्या तोंडावर जात होता. तो म्हणाला, "चहा टाकतेस का गं?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. तेव्हा त्याची नजर खाली गेली आणि त्याला धूर दिसला. नुसता दिसला.

त्याचा चेहरा उतरला. तो खाली बसला, उदबत्तीवर वाकला, आणि धूर नाकात ओढून घेतला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"चंदन आहे ना?" तो म्हणाला.

ती गुलाबाची होती. सगळी खोली गुलाबाने भरली होती.

मी उदबत्तीचा पुडा पदराआड घेतला, तेवढ्यावरूनच त्याला कळलं. "थंडीत सर्दी झाली होती बघ," तो हळू म्हणाला. "सर्दी गेली. वास काही परतला नाही."

"अरे, पण थंडी जाऊन किती दिवस झाले! मग दुकानात तू रोज जे सांगतोस..."

"आठवणीतून सांगतो. कुठल्या बाटलीत काय असतं ते पाठ आहे मला." मग म्हणाला, "बाटली चांगली निघाली तर बरोबरच असतं सगळं."

आणि वाईट निघाली तर, हे मी विचारलं नाही. तो तेच मनात घेऊन कित्येक आठवडे काउंटरमागे उभा राहिला होता.

नाकाच्या डॉक्टरकडे आम्ही वहिनीला न सांगता गेलो. दाताला दाखवायचंय म्हणून सांगितलं. डॉक्टरने नळी घालून पाहिलं, बाटल्यांतले अर्क हुंगायला दिले, आणि खुर्ची मागे सरकवून सांगितलं की वासाची नसच सुकत चालली आहे. येईल असं म्हणवत नाही. कधीकधी हे दुसऱ्या एखाद्या आजाराचं पहिलं पाऊलही असतं, हात थरथरतात का यावर लक्ष ठेवा.

"म्हणजे डॉक्टर, बूच वाळलंय म्हणा की," दादा म्हणाला.

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. खाली उतरताना दादाने जिन्याचा कठडा धरला होता, आणि करंगळी आपली आपण हलत होती.

दुकान बंद कर म्हटलं असतं तर त्याने ऐकलं नसतं. मग एक दिवस मीच म्हटलं, "नाक तर मलाही आहे."

"तू? तू तर बाटली पुसतानासुद्धा तोंड फिरवतेस."

"जिभेला लावणार नाही. हुंगायला देवाने मनाई केलेली नाही."

मग म्हणाला, "ओलं फडकं ओळखतेस?"

"जन्म गेला त्यात."

असं माझं शिक्षण सुरू झालं. फ्रान्सच्या बोर्दोची वाइन हुंगायच्या आधी त्याने मला पेन्सिल तासायला लावली आणि तो भुसा हुंगायला दिला. तिथल्याच बर्गंडीसाठी दुकानामागच्या अंगणातली ओली पानं उकरून आणली. इटलीच्या बारोलोत गुलाब आणि डांबर असतं म्हणाला. मला वाटलं थट्टा करतोय. पण कोपऱ्यावर रस्ता दुरुस्त होत होता तिथे मला नेऊन उभं केलं, आणि घरी येऊन ग्लास पुढे धरला. खरंच होतं. मी हे सांगितलं तेव्हा त्याने डोळे मिटले. "अजून सांग," म्हणाला. भुकेल्या माणसाने दुसऱ्याला जेवताना बघावं तसं त्याचं तोंड झालं होतं.

गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही, म्हणून आम्ही खूण ठरवली. दादा बूच काढणार, ग्लासात ओतणार आणि दोन्ही माझ्या बाजूला सरकवणार. मी फडक्याने ग्लासाची कड पुसायच्या निमित्ताने हुंगणार. वास स्वच्छ असेल तर बूच काउंटरवर उभं ठेवायचं. बाधलेलं असेल तर आडवं. मग दादा घोट घेणार, गाल फुगवून आवाज करणार, थुंकणार आणि बुचाकडे बघून बोलणार. जमलं. दोन-तीन बाटल्या मी आडव्या पाडल्या, आणि दादाने त्या गिऱ्हाइकाला "ही नाही, दुसरी देतो" म्हणून बाजूला ठेवल्या. नाकवाल्यांची अब्रू माझ्या फडक्याआड राहिली.

वहिनीला शेवटी सांगावंच लागलं. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना वासाचा साबण घेऊन आली. हिरव्या कागदातला, महागाचा. न्हाणीघरात गेली, आणि बराच वेळ आतून पाण्याचा आवाज आला नाही. बाहेर आली तेव्हा साबण कागदातच होता. माझ्या हातात देऊन म्हणाली, "धोबिणीला देऊन टाका वन्सं. इतकी वर्षं वाटायचं, एकदा तरी हा लावीन आणि ह्यांच्या नाकावर टिच्चून फिरेन. आता फिरून काय करू?"

यानंतर काही दिवसांनी पिकदाणी मला हलकी लागली.

पहिल्यांदा वाटलं, गिऱ्हाइकं कमी आली असतील. पण मी दिवसभर तिथेच होते, बाटल्या उघडलेल्या मी पाहिल्या होत्या. पुढच्या संध्याकाळी त्याहून हलकी. मग एके दिवशी तळाशी नुसती एक लाल रेघ. मी मोरीपाशी ती हातात धरून उभी राहिले, आणि मला माझ्या नवऱ्याच्या घरातला वास आठवला. वास आठवायला नाक लागत नाही.

दादा काउंटरवर ग्लास पालथे घालत होता. मी पिकदाणी त्याच्यासमोर दगडावर ठेवली. पितळेचा ठण्ण आवाज झाला.

"हे काय आहे?"

"पिकदाणी," तो म्हणाला.

"कोरडी आहे."

"मग धुवायचे कष्ट वाचले तुझे."

"दादा, मी पिण्याचं घर पाहिलंय. माझ्याशी असं बोलू नकोस."

त्याने ग्लास खाली ठेवला. त्याचे डोळे ओलसर लाल होते. ते मी आधी का पाहिले नाहीत कोण जाणे. "थुंकलं की काहीच उरत नाही गं," तो म्हणाला. "तोंडात नुसतं ओलं आणि तुरट. पण गिळलं ना, तर घशाच्या मागून वास वर चढतो. एकदा चढला. बारोलो होती. एकदम गुलाब! एवढासा, पापणी लवेपर्यंत. मी स्वतः पाहिला... म्हणजे, आला मला."

"मग?"

"मग परत नाही आला. पण एकदा आला ना? म्हणजे वाट बंद झालेली नाही."

माझा नवरा प्यायचा तो विसरायला. हा आठवायला पीत होता. घराच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. वहिनी भांडली, रडली, तळघराची किल्ली लपवून बघितली. तो म्हणायचा, "धंदाच आहे माझा, तोंडात घेऊ नको तर काय कानात घालू?" आम्हाला हसू यायचं आणि त्याच क्षणी तो बाटलीकडे वळायचा. तळघरातल्या, म्हाताऱ्या मालकाच्या वेळच्या बाटल्यासुद्धा एकेक करून उघडू लागल्या. गुलाब काही आला नाही. हात मात्र जास्त हलू लागले. मी रोज सकाळी देवापुढे एवढंच म्हणायची, की बाबा, ह्याच्या हातून वाईट बाटली जाण्याआधी ह्याला थांबव.

दादाच्या जुन्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांना सगळे जज्जसाहेब म्हणत. उंच, वाकलेले, हळू बोलणारे. वाइन कशी हुंगायची ते तरुणपणी दादाकडूनच शिकले होते. त्यांची बायको बरेच महिने अंथरुणाला होती.

त्या दुपारी वहिनीचं डोकं फार दुखत होतं म्हणून मी शेजारी औषधवाल्याकडे गेले. गर्दी होती, थांबावं लागलं. परत आले तर जज्जसाहेब दारातून बाहेर पडत होते, काखेत कागदात गुंडाळलेली बाटली. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. मी आत गेले. काउंटरवर ग्लास होता, बूच नव्हतं.

"उघडलीस? मी नसताना?"

"बाईंना हवी होती," दादा म्हणाला. "आता दिवस राहिले नाहीत त्यांचे. डॉक्टरांनी सांगितलंय, मागतील ते द्या. लग्न झाल्यावर दोघांनी मिळून पहिली बाटली माझ्याकडून नेली होती. तीच बोर्दो पाहिजे म्हणाल्या. एक घोट."

"मग मी येईपर्यंत थांबायचं!"

"काय सांगू त्यांना? माझी बहीण येऊन हुंगेपर्यंत थांबा?" त्याचा आवाज चढला आणि त्याबरोबर त्याच्या तोंडाचा भपकारा माझ्यापर्यंत आला. "मी चाखली. पेन्सिल, देवदार, सगळं जिथल्या तिथे. स्वच्छ होती."

मी खाली पाहिलं. पिकदाणीच्या तळाला माझं तोंड दिसत होतं, इतकी ती लख्ख कोरडी होती. मी ग्लास उचलायला गेले, तर तोही त्याने पाण्याने विसळून ठेवला होता. बाहेर धावले. जज्जसाहेबांची गाडी कोपऱ्यावरून वळून गेलेली.

स्वच्छही असेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. बाधलेल्या बाटल्या थोड्याच असतात.

बाई त्याच आठवड्यात गेल्या. औषधवाल्याने सांगितलं. दादा अंत्यविधीला जाऊन आला, मागे उभा राहिला, कुणाशी बोलला नाही. त्यानंतर काही दिवस तो पडद्याआडून रस्त्याकडे बघत बसायचा. त्याला काय हवं होतं ते मला माहीत होतं. जज्जसाहेबांनी यावं आणि नेहमीसारखी एक बाटली मागावी.

ते आले. काखेत तोच कागद, तीच बाटली. दादा स्टुलावरून उठून उभा राहिला.

"बसा, बसा," जज्जसाहेब म्हणाले.

"बाईंचं फार वाईट वाटलं."

"हो. तुम्ही आला होतात. पाहिलं मी."

मग दादाने विचारलंच. "घेतला का त्यांनी घोट?"

"घेतला."

"काय म्हणाल्या?"

जज्जसाहेब काउंटरच्या काळ्या दगडाकडे बघत राहिले. जन्मभर लोकांच्या साक्षी ऐकलेला माणूस. आपली स्वतःची द्यायला त्यांना वेळ लागला.

"छान आहे म्हणाली," ते म्हणाले. मग बाटली काउंटरवर ठेवली. "मला एकट्याला संपणार नाही. टाकून देववत नाही. तुम्हीच ठेवा."

"दुसरी देऊ का एखादी? हलकी?"

"नको. आता डॉक्टरांनी मलाही मना केलंय." त्यांनी दादाच्या हलणाऱ्या हातावर क्षणभर आपला हात ठेवला आणि गेले. दार आपोआप मिटलं, आणि दुकानात पुन्हा तो गारवा भरला.

दादाने कागद सोडला. बाटली जवळजवळ मानेपर्यंत भरलेली होती. दोघांनी मिळून एकेक घोट घेतला असेल, तेवढीच कमी.

"छान आहे म्हणाल्या," दादा माझ्याकडे न बघता म्हणाला.

त्याने बूच ओढून काढलं, ग्लासात बोटभर ओतली, आणि पहिल्यासारखं दोन्ही माझ्या बाजूला सरकवलं. माझ्या हातात फडकं नव्हतं. गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे फडक्याची गरजही नव्हती. मी मनात म्हटलं, देवा, आंबट वास येऊ दे. इतके दिवस उघडी राहिलेली बाटली आंबायचीच, त्यात कुणाचा दोष नाही. नुसता आंबट येऊ दे.

आंबट होताच. पण त्याच्या खाली दुसरा होता. घडी घालून ठेवलेलं, न वाळलेलं, ओलं फडकं. ग्लासात तोच, बुचातही तोच. पेन्सिल नाही, देवदार नाही. त्या बाईंनी मरताना मागितलेला घोट हा होता, आणि तो गिळून त्या छान म्हणाल्या होत्या. किंवा म्हणाल्याही नसतील.

मी मान वर केली तेव्हा दादाने ग्लास माझ्यापुढून घेतला होता. घोट त्याच्या तोंडात होता, गाल फुगलेले. घोळवत नव्हता, नुसता धरून उभा होता, आणि माझ्या हातातल्या बुचाकडे बघत होता. म्हातारा झाला होता माझा भाऊ. कानावरचे केस पांढरे, डोळे लाल, शर्टाच्या खिशाला वाइनचा जुना डाग. बूच उभं ठेवलं असतं तर त्याने ते गिळलं असतं, आणि जज्जसाहेबांचं बोलणंही त्याबरोबर गिळलं असतं. त्याला झोप लागली असती. दुकान चालू राहिलं असतं. उद्या आणखी कुणीतरी आलं असतं.

मी बूच आडवं ठेवलं.

ते घरंगळायला लागलं. दादाने हलत्या हाताने ते काठावर अडवलं, आणि तसंच आडवं धरून ठेवलं. मग तो वाकला. फार सावकाश वाकला, गुडघ्यावर हात टेकून. आणि पिकदाणीत थुंकला. पहिल्यासारखी सरळ धार नव्हती, थोडं काठावर सांडलं, थोडं त्याच्या बुटावर. कोरड्या पितळेवर त्याचा आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे.

तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"वहिनीला बोलाव," तो खालूनच म्हणाला. मग सरळ झाला, बाहीने तोंड पुसलं. "आणि माल घेणारा कोणी बघा. दोन्ही भिंती घे म्हणावं. नेताना आडव्याच ने म्हणावं, सगळ्या. उभी एक करू देऊ नका."

त्यानंतर त्याने वाइनच्या थेंबाला जीभ लावली नाही. त्याला जज्जसाहेबांकडे जाऊन सांगायचं होतं. बरेच दिवस सांगायचंय, सांगायचंय म्हणत राहिला. कधी गेला नाही. मग पायच चालेनासे झाले.

पण ते पुढचं. त्या दिवशी तो जिना चढून वर गेला, वहिनीने दार लावून घेतलं, आणि मी पिकदाणी उचलली. मागच्या मोरीत नेली, पालथी केली, दोनदा विसळली. काउंटरचं फडकं धुऊन पिळलं, आणि उन्हात नीट पसरून वाळत घातलं.